टुणकोबाचा वाटा

सगुण गावकाराचा देवापेक्षा व्होल्टेजवर जास्त विश्वास. डिचोलीच्या बसस्टँडामागे पस्तीस वर्षं त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एखादं गिऱ्हाईक भेदरून यायचं, "सगुणबाब, टीव्ही बंद आसतानाय बोलता" म्हणायचं. हा मागचं झाकण काढायचा, आत बसलेली पाल चिमट्यानं बाहेर धरायचा आणि म्हणायचा, "ही बघ तुझी भुताटकी. हिका दूध-भात घाल." पुढे टीव्ही भिंतीला चिकटले, त्यांना मागची बाजूच उरली नाही, तसं सगुणनं दुकान बंद केलं आणि तो पेडण्यातल्या आपल्या वाड्यावर कायमचा राहायला आला.

वाड्याचं नाव खांबळ. शापोरा नदीच्या काठाला पंचवीस-तीस घरं. घरांपुढं खाजनाची, म्हणजे नदीकाठची सखल शेतं, शेतांपुढं नदीचं खारं पाणी थोपवणारा मातीचा बांध, आणि बांधाच्या पोटात मानस, म्हणजे भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारा लाकडी दरवाजा. बांध जिथं डोंगराला टेकतो तिथं एका जुन्या आंब्याखाली सात दगड आहेत. तेच गावाचे राखणदार. त्यांच्यावर छप्पर नाही, पुढं घंटा नाही. पाऊस पडतो तो त्यांच्याच डोक्यावर.

पावसाआधी, मे महिन्यातल्या एका रविवारी, इथं वर्षाचा रोट देतात. तांदळाच्या पिठाचा जाडजूड रोट निखाऱ्यांवर भाजायचा, सात पानांवर सात वाटे मांडायचे, सोबत थोडा सोरो, म्हणजे गावठी दारू, एकेक विडी. मग गावकारानं उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. शिमेवरच्या, व्हाळावरच्या, मानशीवरच्या एकेका राखणदाराचं नाव घेऊन सांभाळ म्हणायचं, आणि दर वाक्याला लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हा मान सगुणच्या घराण्याचा. याचा नियम एकच, पण दगडावर कोरलेला: गाऱ्हाण्यात नाव निघालं आणि लोकांनी व्हय म्हाराजा म्हटलं, की ते नाव बसलं. मग त्याला वाटा द्यायचाच. दर वर्षी.

आणि इथंच सगुणनं तेहतीस वर्षांपूर्वी घोटाळा करून ठेवला होता.

त्या काळी रविवारी सकाळी दहा वाजता टीव्हीवर एक कार्टून लागायचं, 'पुलापल्याडचा गाव'. कुठल्याशा थंड देशात हातानं चित्रं काढून केलेलं, आपल्याकडे मराठीत बोलतं केलेलं. त्यात एक पूल असायचा आणि पुलापलीकडे कधीच न मावळणारा दिवस. पोरं खेळायला पल्याड जायची आणि परतायचं विसरायची. मग पुलाचा राखणदार टुणकोबा त्यांना शोधायला निघायचा. फणसाएवढा गडी, सुपाएवढे कान, हातात भर दिवसा पेटलेला कंदील, चाल टुणटुण. एकेकाला बोटाशी धरून आणायचा, मोजायचा आणि शेवटी पल्याड तोंड करून विचारायचा, "कोण राहिला?"

खांबळातली पोरं माडाच्या झावळ्यांचे कान लावून फिरायची. आजही पेडण्याच्या बसवर एक चाळिशीचा कंडक्टर आहे, बेल मारण्याआधी तो टुणकोबाच्याच आवाजात ओरडतो, "कोण राहिला?" आणि बसमधली त्याच्याच वयाची माणसं, बँकेतली, कोर्टातली, एकदम सरळ होऊन बसतात. पण या कार्टूनचा एकही भाग आज कुणाकडे नाही. कॅसेटी बुरशीनं खाल्ल्या. पंचविसाव्या भागात निळ्या फ्रॉकची एक मुलगी पल्याडच राहिली, टुणकोबा कंदील घेऊन तिच्यासाठी निघाला, आणि पुढच्या रविवारी दहाला टीव्हीवर कुणीतरी भाषण करत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरंच कार्टून लागलं. सगुणचा मुलगा सिद्धेश तेव्हा सात वर्षांचा. दोन दिवस जेवला नाही.

त्याच मे महिन्यात, कार्टून अजून चालू असतानाच, सगुणचा बाप तापानं अंथरुणाला खिळला आणि गाऱ्हाण्याची पाळी सगुणवर आली. सकाळभर तो गावातल्या अँटेना फिरवत होता, दहा वाजता घराघरांतून तेच कार्टून त्याच्या कानांवर आदळत होतं. आंब्याखाली उभा राहिला तो तसाच, घामाघूम. सहा नावं नीट झाली. सातवं झालं. आणि त्याच लयीत, त्याच दमात, तोंडातून आठवं निघालं, राहिलेल्या पोराला घरी आण म्हणणारं: "पुलावयल्या टुणकोबा, खंय कोण भुरगा राहिला तर घराक हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साठ माणसांनी सवयीनं साथ दिली.

आधी पोरं हसली. मग बाया. गावातले सगळ्यांत जाणते अनंतमामा मात्र हसले नाहीत. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "हसतात कित्याक? नाव बसला. आठवा पान मांडा."

"मामा, तो टीव्हीतलो!" सगुण कळवळला.

"खंयलोय आसांदे. बोलावलास तां, होकार दिलो आमी. आता पावण्याक उपाशी धाडतलास?"

"मग सोरो वतूचो त्याका?"

"भुरग्यांचो राखणदार तो. त्याका सोरो कित्याक? पोदेराकडचो उंडो दी." पोदेर म्हणजे पाववाला आणि उंडो म्हणजे त्याचा गोल, कडक पाव, जो खांबळातलं पोर दात येण्याआधीपासून चघळतं.

झालं. त्या वर्षापासून आठव्या पानावर उंडो, आणि सगुणला नाव पडलं 'टीव्हीवालो गावकार'.

आता तुम्ही विचाराल, पुढं काही घडलं का? सगुणला विचाराल तर काही नाही. हां, त्याआधी दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोर मानशीच्या भोवऱ्यात बुडायचं, ते थांबलं. सगुण म्हणे, लोखंडी कठडा बसवला म्हणून थांबलं. कठडा बसवला तो सात वर्षांनी, पण ते सोडा. उंडो संध्याकाळपर्यंत पानावरून नाहीसा व्हायचा. कावळे. कावळे शेजारच्या सात वाट्यांना तोंड लावायचे नाहीत, उंडोच न्यायचे. कावळ्यांची आवड. उशिरापर्यंत बांधावर खेळणारी पोरं कधी धापा टाकत घरी यायची, कुणी हाकललं म्हणून विचारलं तर एकमेकांकडे बघायची. पोरंच ती. आणि पहिल्याच वर्षी तीन रविवार लागोपाठ, सकाळी दहाला, वाड्यातल्या सगळ्या टीव्हींवर त्या नव्या कार्टूनच्या पाठीमागे पुलाची एक पुसट कमान दिसत राहिली. त्यालाही सगुणकडे उत्तर होतं. डोंगरावर आपटून परत आलेली लहर. चित्रामागे सावली पडते. पुस्तकात आहे.

यंदा सगुण अडुसष्ट वर्षांचा. गाऱ्हाण्याचा मान सिद्धेशकडे द्यायचं ठरलं होतं. सिद्धेश वास्कोला बंदरात नोकरीला, शनिवार-रविवार घरी येतो. सगुणच्या मनात एकच होतं: चूक आपण केली, ती आपणच निस्तरायची. मुलाच्या हातात मान द्यायचा तो स्वच्छ. यंदाचं शेवटचं गाऱ्हाणं सातच नावांचं घालायचं.

"असू दे रे बाबा," सिद्धेश म्हणाला. "कुणाचं काय जातंय?"

"माजा जाता. तेहतीस वर्सां लोक माका हसतत."

"लोक हसतत तां कार्टुनाक नाय, तुमच्या मिशयेक," चुलीपाशी बसलेली गंगा म्हणाली. सगुणची बायको, जिभेला धार कायमची. "इतकी वर्सां त्याका राबवन घेतलात, आता पेन्शनीच्या येळार काडून घालतलात? बरो न्याय."

सिद्धेशची आठ वर्षांची मुलगी गौरवी तेवढ्यात आत आली, आजोबाच्या पाठीवर लोंबकळली. "कोणाक काडून घालतत, आजी?"

"कोणाक नाय गो," सगुण म्हणाला. "एक चूक आसा, ती पुसूची आसा."

रविवारी अकराला गाऱ्हाणं उभं राहिलं. ऊन पांढरं झालं होतं, नदीवरून खारट वाफ येत होती. सगुणनं सात नावं घेतली. सातव्या नावाचं व्हय म्हाराजा झालं, आणि तो थांबला. लोकही थांबले. तेहतीस वर्षांच्या सवयीनं साठ छात्यांत श्वास भरून तयार होता. सगुण वळला आणि त्यानं नारळ फोडला.

श्वास तसेच सुटले. आंब्यावर एकही कावळा नव्हता, हे सगुणच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात का आलं याचा त्याला राग आला.

जेवणं झाली. दहा मुलं डोंगरावर चुन्नां वेचायला गेली. मे महिन्यात ती लाल, आंबटगोड रानफळं खाऊन जीभ रंगवणं हे इथल्या सुट्टीचं मुख्य काम. चार वाजता मुलं उतरली.

नऊ.

"गौरवी खंय?" सिद्धेशनं विचारलं.

"माज्या फाटल्यान व्हती," एक म्हणाली. "नाय, माज्या," दुसरा म्हणाला. नऊच्या नऊ मुलं छातीवर हात ठेवून सांगत होती की गौरवी आपल्या मागूनच येत होती.

सगळा वाडा उठला. सिद्धेश व्हाळाकडे पळाला, बापये डोंगरावर चढले, चौघे मानशीपाशी पाण्यात उतरले. भरती लागली होती. नऊ मुलांना गंगानं घरात घेतलं आणि दाराला कडी लावली. मग ती सगुणकडे आली. तिनं त्याला दोष दिला नाही. तिनं दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं पदराच्या गाठीतून एक उंडो काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"सकाळी घेवन ठेवलेलंय," ती म्हणाली. "जावा."

सगुण बांधावरून चालत गेला. एका बाजूला शेतं कोरडी, भेगाळलेली, दुसऱ्या बाजूला नदी फुगत चाललेली. ऊन अजून डोळ्यांत खुपत होतं. लोकांच्या हाका लांबून येत होत्या, गौरवी, गौरवी, आणि पाण्यावरून जाऊन विरत होत्या. त्याला सारखं मानशीकडे बघावंसं वाटत होतं आणि तो बघत नव्हता.

आंब्याखाली सात पानं तशीच होती. त्यानं जमिनीवरचं एक पान उचललं, आठव्या जागी मांडलं, वर उंडो ठेवला. हात जोडले. शब्द येईनात. सात नावं त्याला तोंडपाठ होती, पण जो स्वतः चुकून बोलावला त्याला काय म्हणून हाक मारायची, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"बा टुणकोबा म्हाराजा," तो म्हणाला. "माज्या तोंडातसून तां चुकान आयलंस. पण तेहतीस वर्सां तां ह्या गावचां खाल्लंस, ह्या गावचां केलंस. माका दिसला नाय असा नाय. दिसलेला, मी कावळ्यांर घातलंय." त्यानं उंडो पानाच्या मधोमध सरकवला. "आज मी तुजा नाव गाळलंय. तो गुन्यांव माजो. चेडवाचो न्हय. जा खंय कोण राहिला आसा तां घराक हाड. म्हाराजा."

गाऱ्हाणं संपलं. आता व्हय म्हाराजा हवं होतं.

कोण म्हणणार? माणसं डोंगरावर होती, पाण्यात होती. होकाराशिवाय गाऱ्हाणं म्हणजे नुसतं बोलणं. सगुण उभा राहिला. पानाची कड वाऱ्यानं हलली.

वारा थांबला.

"व्हय म्हाराजा."

बांधाच्या बाजूनं. पोरांचे आवाज. पाच-दहा नव्हेत, पुष्कळ. बारीक, एका सुरात, शाळेत प्रार्थना म्हणतात तसे.

सगुण वळला. बांध रिकामा होता.

पहिला विचार त्याला प्रतिध्वनीचा आला. डोंगरावर आपटून परत येतो आवाज. मग त्याला आठवलं की प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो, आणि हे शब्द तो बोललाच नव्हता.

मग बांधाच्या वळणावर गौरवी दिसली.

ती धावत नव्हती. अगदी सावकाश येत होती. कपडे कोरडे, जीभ लाल. डावा हात अंगापासून किंचित दूर, खाली झुकलेला, आपल्याहून बुटक्या कुणाचं बोट धरल्यासारखा.

मानशीपाशी दोन पायऱ्या आहेत. ती दोन्ही चढली, थांबली, मागं वळून वाट पाहिली. मग पुढं चालू लागली.

आंब्यापाशी आल्यावर तिचा हात सुटला आणि सरळ झाला.

"आजोबा, ओरडा नको हां," ती म्हणाली. "उशीर माज्यान नाय झालो. त्याका चलाक येळ लागता."

"कोणाक?"

"म्हाताऱ्याक. मोठ्या कानांच्या." तिनं बसून पायातला काटा काढायला सुरुवात केली. "बोचका बांधून जाय होतो. मी विचारलंय खंय जातास, तर म्हणालो, हयसर आता काम नाय. त्याका बोचका उचलूक येय नाय होता, म्हणान मी पुलापर्यंत घेवन गेलंय."

"खंयचो पूल?"

गौरवीनं नदीकडे बोट केलं. तिथं पाणी होतं, पलीकडे कोलवाळच्या बाजूचे माड होते, मधे काही नव्हतं.

"अर्ध्यार पोचलो आमी. मग कोणी तरी हाक मारली. तो थांबलो, कान असे केल्यान, आणि माका म्हणालो, चल गो, परतूया, माका बोलावतत."

सगुण खाली बसला. त्यानं तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. केसांना उन्हाचा वास येत होता, आणि जरासा रॉकेलचा.

सिद्धेश व्हाळाकडून धावत आला तो चिखलानं माखलेला. त्यानं लेकीला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. ती पुन्हा सगळं सांगू लागली, तसा त्याचा चेहरा बदलत गेला. तिनं ते कार्टून कधी पाहिलं नव्हतं. पाहायला ते कुठं उरलंच नव्हतं. तिचं बोलून झाल्यावर चाळीस वर्षांचा सिद्धेश गुडघ्यांवर बसला आणि त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "गौरवी, एक चेडू राहिलेला पल्याड. निळ्या फ्रॉकाचा. त्याचा काय झाला, सांगल्यान काय गो?"

"ती?" गौरवी म्हणाली. "ती येवक नाय म्हणता. थय टीचर जाली ती. खूप भुरगी आसत तिच्या वर्गात. आतां त्यांकाच घेवन बांधार आयलेली."

सिद्धेश तिथंच बांधावर फतकल मारून बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. सगुणनं मानशीच्या भोवऱ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

पुढच्या वर्षीचं गाऱ्हाणं सिद्धेशनं घातलं. आठही नावं घेतली. आठव्या नावाला व्हय म्हाराजा असं घुमलं की पाण्यावरचे बगळे उठले. गौरवी सकाळपासून एकाच गोष्टीवर अडून बसली होती. "तो म्हातारो आसा, आजोबा. त्याका दिसभर उभो कित्याक करतत?" म्हणून आठव्या पानाशेजारी तिनं घरातली एक निळी प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. लोक हसले, पण बाजूला सरून जागा केली.

ऊन कलल्यावर सिद्धेश आणि सगुण पानं आवरायला गेले. उंडो नव्हता. सिद्धेशनं खुर्चीच्या पाठीला एका हातानं धरलं आणि उचलायला गेला. खुर्ची उचलेना. त्यानं दोन्ही हात लावले.

"पाय रुतलेत काय, बाबा?"

सगुण वाकला. मे महिन्यातली जमीन, खडकासारखी. खुर्चीचे चारही पाय तिच्यावर नुसते टेकलेले होते. तो सरळ झाला. त्यानं आठव्या रिकाम्या पानाकडे पाहिलं. मग त्यानं मुलाचे हात खुर्चीवरून अलगद सोडवले.

"राहू दे," तो म्हणाला. "सकाळी नेवया."

दोघं बांधाला लागले. दहा पावलं गेले असतील नसतील, तोच मागं प्लास्टिक करकरलं, माणूस पाय पसरून ऐसपैस टेकल्यावर करकरतं तसं.